बसनं जायचं गाव

सकाळी डेअरीवर दूध घालून परत येत होतो, तेव्हा तामलवाडीच्या स्टँडवर मला माझाच फ्लेक्स दिसला. कुणीतरी दोन बांबू रोवून तो उभा केला होता. वर विमान, मागं पॅरिसचा लोखंडी मनोरा, खाली मंडळाच्या पोरांचे गोल गोल फोटो. मधोमध फेटा बांधलेला मी आणि माझ्या शेजारी हिरवं इरकल नेसलेली शांताक्का. ‘श्री. रेवणप्पा व सौ. शांताक्का यांना पोर्तुगाल दौऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा.’

शांताक्का माझी बायको. गेल्या वर्षी पाऊस लागायच्या आधी ती वारली. मळ्यात चिंचेखाली तिला बसवून, हातात तिचं इष्टलिंग देऊन माती दिली, आम्हा लिंगायतांत देतात तशी. खड्डा काढायला हीच मंडळाची पोरं होती. आता तीच पोरं तिला प्रवासाच्या शुभेच्छा देत होती.

चहाच्या गाड्यावरची माणसं माझ्याकडं बघत होती आणि मी बघितलं की कपात बघत होती. एकालाही तो फ्लेक्स उतरवावा असं वाटलं नव्हतं.

रणधीर त्याच्या मोबाईलच्या दुकानाचं शटर वर करत होता. मंडळाचा अध्यक्ष तोच.

“हे काय लावलंस?” मी विचारलं.

“लई भारी झालंय न्हवं काका? सोलापूर रोडवरून जाणारा माणूस मान वळवून बघतोय.”

“तू मान वळव आधी. नीट बघ.”

त्यानं बघितलं. हातातली किल्ली तशीच राहिली.

“आई शप्पथ. काका, हे गेल्या सालचं डिझाईन हाय. तुमी दोघं जाणार होता तवा करून ठेवलं होतं. काकूंनीच फोटो निवडला होता. छपाईवाल्यानं तीच फाईल मारली.”

“आन् बांबू रोवताना तुझे डोळे कुठं होते?”

“पहाटं रोवलं, दिसलंच न्हाय. आन् मेसेज बसवदादाचाच होता. ‘आप्पांचं नक्की झालंय, तयार हाय ते लावून टाक.’” तो शिडी आणायला निघाला. “आत्ता उतरवतो. धा मिनटात.”

“हात लावू नको,” मी म्हणालो. “ज्यानं लावाय सांगितलं त्याला आधी दिसू दे.”

बसवेश माझा मुलगा. पुण्याला गाड्यांच्या कंपनीत असतो. त्याच दिवशी दुपारी तो मला न्यायला येणार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात व्हिसाच्या ऑफिसात बोटांचे ठसे द्यायचे होते, आणि कुठल्या गावात किती राहणार त्याचे कागद सोबत जोडायचे होते. म्हणजे गाव आजच ठरणार होतं. बसवेशच्या मते ते ठरलेलं होतं. माझ्या मतेही ठरलेलं होतं. फक्त दोन्ही गावं वेगळी होती.

माझं गाव शांताक्कानं ठरवलेलं होतं.

आमची मुलगी शिवप्रिया पोर्तुगालला लिस्बन शहरात कॉम्प्युटरचं काम करते. गेल्या वर्षी तिनं आम्हा दोघांना बोलावलं होतं. लिस्बन तर बघायचंच होतं, पण ती म्हणाली, अव्वा, अजून एक गाव निवड, आपण तिथं राहू. शांताक्कानं हे काम एखाद्या स्थळाच्या चौकशीसारखं मनावर घेतलं. दुपारी भाकऱ्या थापून झाल्या की मोबाईल डब्याला टेकवून ती त्या देशातल्या गावांचे व्हिडिओ बघायची. भाषा कळत नव्हती. ती गावाकडं बघायची.

तिची पहिली अट होती, मोटारगाडी नको. शांताक्काला गाडी लागायची. एसटीत लागत नसे, रेल्वेत लागत नसे, टेम्पोत भाजीपाल्याच्या गोण्यांवर बसून तर ती गाणं म्हणायची. पण काचा लावलेल्या मोटारीत बसली की वेस यायच्या आत उलटी व्हायची. लग्नाला, बारशाला, देवाला कुठंही जायचं म्हटलं की घरात आधी प्लास्टिकच्या पिशव्या आणि लिंबू निघायचं, आणि सगळे हसायचे. बसवेशनं पहिली गाडी घेतली तेव्हा तिनं मागच्या सीटवर उलटी केली. तेव्हा तो हसला नाही. “अव्वा, पिशवी हातात असून सीटवर? नवी गाडी हाय गं!” असं तो म्हणाला होता. चारचौघांत म्हणाला होता. ती स्वतःच्या पदरानं सीट पुसत राहिली होती.

दुसरी अट बाजाराची. शांताक्का जन्मभर आठवडी बाजारात बसली. वांगी, मेथी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. गोणपाटावर मांडी घालून, डोक्यावर फडकं बांधून. ती मला म्हणाली होती, “मला असं गाव पायजे जिथं आठवड्याचा बाजार भरतो. एकदा तरी बाजारात उभं राहून भाव विचारायचाय. बसून सांगायचा न्हाय.”

शिवप्रियानं फोनवरून गावं सुचवली. एक डोंगरातलं राजवाड्यांचं गाव होतं, लिस्बनजवळचं. शांताक्कानं व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, “ही तर जत्राच हाय. सगळी माणसं पाठीवर पिशव्या लावलेली. गावातली माणसं कुठं ऱ्हात्यात?” मग एव्होरा नावाचं गाव. रेल्वे जाते, जुनं देऊळ आहे. पण तिथं एक खोली आहे, माणसांच्या हाडांनी आणि कवट्यांनी भिंती लिंपलेली, आणि लोक तिकीट काढून बघतात. शांताक्कानं मोबाईल पालथा घातला. “माणसाला मातीत निवांत बसू द्यावं. भित्ताडात काय घालायचं?” मग एल्वास. किल्ला चांगला, आमच्या परंड्याच्या किल्ल्यापेक्षा लई मोठा. पण स्टेशन खाली आणि गाव लांब वर. “म्हंजे पुन्हा टॅक्सी. टॅक्सी म्हंजे गाडीच की.”

आणि मग एस्त्रेमोझ.

लिस्बनहून बस जाते. दोन-अडीच तासांचा रस्ता. बस गावातच सोडते, तिथून चालत चौकात. पांढरी घरं, वर टेकडीवर किल्ला, आजूबाजूला संगमरवराच्या खाणी, आणि कोरडं, पिवळं रान. उन्हाळ्यात आपल्यासारखंच ऊन. परदेशी लोक तिथं फार थांबत नाहीत, समुद्राकडं पळतात. शनिवारी त्या मोठ्या चौकात बाजार भरतो. व्हिडिओत म्हाताऱ्या बाया छोट्या स्टुलांवर बसल्या होत्या. पुढ्यात कांदे, लसूण, हरभरे, कोंबड्या. आणि एका बाईपुढं कोथिंबिरीच्या जुड्या.

“आवो, हिकडं या!” शांताक्का ओरडली होती. मी गोठ्यातून शेणाचे हात तसेच घेऊन आलो. “कोथमीर बघा. जुडी आपल्यागतच बांधलीय, मुळ्या ठिवून. ही बाई बाजार करणारी हाय. दुकानदार न्हाय.”

शिवप्रियाला विचारलं तेव्हा ती हसून म्हणाली, त्या भागात शिळ्या पावाचे तुकडे करून त्यावर लसूण, कोथिंबीर आणि उकळतं पाणी घालून खातात. वर अंडं घालतात, पण अंड्याशिवाय मिळतं. शांताक्काला बाकी काही ऐकायचं नव्हतं. आमच्या घरी कडक भाकरी चुरून कालवणात भिजवून खातात. “शिळं भिजवून खाणारी माणसं हायती,” ती म्हणाली. “तिथं म्या उपाशी मरणार न्हाय.”

गाव ठरलं. जाणं झालं नाही.

*

दुपारी बसवेश आला. गाडी अंगणात लावली, पांढरी, मोठी. माझी थोरली बहीण लक्ष्मम्मा शेजारीच राहते, ती शेंगा फोडत ओट्यावर बसली होती. बसवेश तिच्या पाया पडला, मग माझ्या.

“स्टँडवर काय दिसलं?” मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. “बघितलं आप्पा. रणधीरला शिव्या दिल्या आत्ता.”

“त्याला कशाला? मेसेज तुझा.”

“मला वाटलं त्यांनी नवीन केलं असंल. म्या म्हणालो तयार हाय ते लावा. डोक्यातच आलं न्हाय की...”

“आईचं मरण डोक्यात आलं न्हाय?”

“आप्पा, असं नका बोलू.”

लक्ष्मम्मा शेंग फोडता फोडता म्हणाली, “त्या पोराला बोलू नको रेवणा. तू तरी काय कमी हायस? वरीस झालं न्हाय आन् निघाला इमानात. आमचे हे गेले तवा म्या वरीसभर वेशीभाईर पाऊल टाकलं न्हवतं.”

“अक्का, तुमी वेशीभाईर गेला न्हवता कारण तुमाला कुणी बोलवलं न्हवतं.”

“बोलवलं असतं तरी गेले नसते! ते काय गाव म्हणं... नाव पण तोंडात बसंना. तिथं ना देव ना माणूस. काय बघणार हायस?”

“बाजार बघणार हाय.”

“बाजार!” ती मूठभर टरफलं फेकत हसली. “बाजार बघाया समिंदर ओलांडून! तुळजापूरचा बाजार काय मोडलाय व्हय?”

बसवेशनं पिशवीतून कागद काढले. प्लास्टिकच्या फाईलमध्ये नीट लावलेले. त्याची ही सवय चांगली आहे, पण त्या दिवशी मला ती फाईलही डोळ्यांत खुपली. दोन मुक्काम लिस्बन, मग दक्षिणेला समुद्रकाठचं हॉटेल, तिथं भारतीय जेवण मिळतं, कांदा-लसणाशिवाय पाहिजे तर तेही. सूनबाई आणि नातू तिथं थेट येणार. विमानतळावर भाड्याची गाडी घ्यायची, सात सीटची.

“गाडी असली की सगळं होतं आप्पा. रोज दोन-तीन ठिकाणं. तुम्हाला पायपीट न्हाय. कुठं थांबायचं, कधी निघायचं, आपल्या हातात.”

“एस्त्रेमोझ कुठं हाय यात?”

“ते लांब पडतं. आन् तिथं काय हाय? मी बघितलं. एक चौक, एक किल्ला. अर्ध्या तासात बघून होतंय. गाडीनं जाता जाता बघू पाहिजे तर.”

“जाता जाता न्हाय. तिथं ऱ्हायचं. शुक्रवारी बसनं जायचं, शनिवारी बाजार करायचा.”

“आप्पा, बस दिवसात मोजक्याच हायेत. एक चुकली की तास न् तास बसावं लागंल. तुमचे गुडघे...”

“माझे गुडघे माझ्यापाशी हायेत.”

“अव्वा असती तर गोष्ट वेगळी. तिला गाडी चालायची न्हाय म्हणून ते बसचं गाव काढलं होतं. आता गाडीची काय अडचण हाय? आता कुणाला...”

तो थांबला. वाक्य पुरं केलं नाही. पण त्याला काय म्हणायचं होतं ते आम्ही तिघांनीही ऐकलं. आता कुणाला गाडी लागणार आहे?

मी फाईल त्याच्या हातातून घेतली आणि शेंगांच्या टरफलांत टाकली. फार जोरात टाकली. लक्ष्मम्मा सूप बाजूला ओढून उभी राहिली.

“गाडी गाडी गाडी,” मी म्हणालो. “तुझ्या गाडीनंच मारली तिला.”

हे मी तोपर्यंत कधी तोंडानं बोललो नव्हतो.

ती गेली त्या दिवशी मी तुळजापूरच्या बाजारात होतो. शांताक्काला सकाळपासून कसंतरी होत होतं, म्हणून ती घरी राहिली होती. बसवेश सुट्टीला आला होता. दुपारी तिला दरदरून घाम आला तसं त्यानं तिला गाडीत घातलं आणि सोलापूरला निघाला. रस्त्यात तिला उलटी झाली. मग पुन्हा झाली. बसवेशनं ढाब्यावर गाडी थांबवली. तिला खाली उतरवलं, तोंड धुतलं, लिंबू दिलं, सावलीत बसवलं. पुढं पुन्हा थांबवली. आमच्या घरात तिच्या उलटीला एकच नाव होतं. अव्वाला गाडी लागली. कुणालाच दुसरं काही सुचलं नसतं. तो हृदयाचा झटका होता, दवाखान्यात पोचेपर्यंत तिचं हृदय थकून गेलं होतं. मी एसटीनं सोलापूरला पोचलो तेव्हा डॉक्टर बसवेशला विचारत होता, वाटेत इतका वेळ कसा लागला? आणि हा बोलत नव्हता.

ओट्यावर लक्ष्मम्मा मधे पडली.

“असं बोलू नगंस रेवणा. लेकरू हाय.”

“लेकरू काय? दाढी पिकाय लागली. ढाब्यावर बसवून लिंबू देत बसला. सरळ दवाखान्यात का न्हाय गेला? पंचवीस किलोमीटरचा रस्ता!”

बसवेश खाली बसला. टरफलांतून कागद वेचायला लागला. एक एक कागद झटकत होता.

“तीच म्हणाली थांब म्हणून,” तो म्हणाला.

“काय?”

“अव्वाच म्हणाली. मी थांबत न्हवतो. ती म्हणाली, ‘बसू बाळा, गाडी थांबव. पिशवी गावंना. तुझी शीट खराब हुईल.’” त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. “दोन्ही येळा तेच म्हणाली. म्हणून थांबलो.”

लक्ष्मम्मानं तोंडाला पदर लावला.

मला वाटलं होतं की हे असं काही ऐकलं तर माझा राग उतरेल. माणसं म्हणतात तसं होतं. मला तर तो आणखी चढला.

“आन् शीट खराब हुईल हे तिला कुणी शिकवलं?” मी विचारलं. “मरताना बाईच्या मनात काय होतं? तुझी शीट!”

“मला म्हाईत हाय आप्पा,” तो ओरडला. पहिल्यांदाच ओरडला. “रोज म्हाईत हाय! गाडीत बसलो की म्हाईत हाय. विकायला काढली तर विकवंना, ठिवली तर बघवंना. मला काय वाटलं, तिथं तरी नवी गाडी घिऊ, तुम्हाला पुढं बसवू, नीट हळू चालवू. एकदा तरी कुणाला तरी घरच्याला नीट न्यावं. एवढंच वाटलं.”

“मग तुझ्या मनाचं ऐकायला मी गाडीत बसू?”

“न्हाय. नका बसू.”

तो उठला आणि अंगणातल्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मी ओट्यावरूनच बघत होतो. मागचं दार उघडं होतं. मागच्या सीटचं कव्हर काढलेलं होतं, आतला करडा भाग तसाच दिसत होता. पुढच्या सीटांना कव्हरं होती. त्यानं मागचं पुन्हा घातलंच नव्हतं. ते मी तोपर्यंत बघितलं नव्हतं, कारण मी त्या गाडीजवळ जातच नव्हतो.

मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही. पण मी ते बघितलं.

मग मी शिवप्रियाला फोन लावला. तिच्याकडं सकाळ होती, ती कामावर जायच्या गडबडीत होती. स्क्रीनवर केस विंचरत होती.

“शिवे, एस्त्रेमोझची बस शुक्रवारी हाय का?”

तिचा कंगवा थांबला. “आप्पा? दादा तर म्हणाला की समुद्राकडं...”

“दादाचं सोड. बस हाय का?”

“हाय की. सकाळी पण हाय, संध्याकाळी पण. परतीला रविवारी कमी असतात, पण असतात.”

“तू गेलीस का तिथं कधी?”

“न्हाय.” तिनं कंगवा खाली ठेवला. “सगळे म्हणतात अजून का गेली न्हाईस, जवळच हाय. पण ते अव्वाचं गाव हाय. तिच्याआधी कसं जायचं?”

“राहायला काय हाय?”

“चौकाजवळ एक छोटं घरगुती हॉटेल हाय. म्हाताराम्हातारी चालवतात. अव्वाला दाखवलं होतं मी. ती म्हणाली होती, खिडकीतनं बाजार दिसला पायजे.”

“दिसतो का?”

“दिसतो.”

“मग ते घे. कागद आजच पाठव. उद्या ठसे द्यायचे हायेत.”

“दादाचं बुकिंग?”

मी अंगणात बघितलं. बसवेश गाडीला टेकून उभा होता, फोनचा आवाज त्याला ऐकू जात होता. मला वाटलं तो काहीतरी आडवं म्हणेल. तो म्हणाला, “शिवे, समुद्राचं मी कॅन्सल करतो. गाडीचं पण. तू पाच जणांची खोली बघ. न्हायतर दोन.”

“तुला यायची गरज न्हाय,” मी म्हणालो.

“म्हाईत हाय. तरी येणार.”

“बसनं यावं लागंल.”

“येतो.”

लक्ष्मम्मा पुन्हा शेंगा फोडायला बसली. “बापलेक समिंदर ओलांडून बाजाराला चालले,” ती म्हणाली. “आता मला सांगा, जाताना कडक भाकरी किती थापू? शेंगाचटणी इमानात नेऊ देतात का?”

“देतात,” बसवेश म्हणाला.

“मग सांगायचं तरी आधी. हितं बसून नुस्ती भांडणं ऐकत बसले म्या.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बसवेशनं गाडीची चावी काढली. मी पिशवी घेऊन रस्त्याकडं चालायला लागलो.

“आप्पा, गाडी हाय की.”

“गाडी इथंच राहू दे. यष्टीनं जायचं.”

“पुण्यापर्यंत? वेळेत न्हाय पोचलो तर?”

“तिथं बसनं फिरणार म्हणालास ना? मग इथनं सवय कर.”

त्यानं चावी खिशात घातली. गाडी आमच्या अंगणातच राहिली.

स्टँडवर रणधीर शिडी घेऊन आला होता. एक पोरगा वर चढला होता, दोरी सोडत होता. शांताक्काच्या बाजूचा कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत होता.

“कुणी सांगितलं उतरवायला?” मी ओरडलो. वरचं पोरगं दचकलं.

“काका, कालपासनं सगळी बोलायलीत मला,” रणधीर म्हणाला. “चुकीचं छापलंय. नवीन करतो, तुमच्या एकट्याचा.”

“एकट्याचा कशाला? मी काय निवडणुकीला उभा राहिलोय? बांध तो कोपरा परत.”

“पण काका, त्यात काकू हायेत.”

“हायेत ना? मग बांध.”

रणधीरनं बसवेशकडं बघितलं. बसवेश म्हणाला, “बांध.” पोरानं दोरी पुन्हा आवळली. शांताक्का पुन्हा सरळ झाली. पोरांनी सुबक छापलं होतं, तेवढं मात्र खरं. इरकलीचा काठसुद्धा स्पष्ट दिसत होता. तो फोटो तिनं स्वतः निवडला होता. म्हणाली होती, पासपोर्टातला नको, त्यात मी बाजारात भाव करताना दिसते तशी दिसते.

सोलापूरची एसटी आली. आम्ही चढलो. बसवेश कित्येक वर्षांत एसटीत बसला नसेल. मी खिडकीशी बसलो, तो माझ्या शेजारी. पुढं बायांच्या टोपल्या, मागं दोन म्हातारे, कुणाच्या तरी पिशवीतली वाळकी मासळी. एसटीनं वळण घेतलं, फ्लेक्स मागं गेला. मी मान वळवून बघितलं नाही. मला अजून राग होता. फ्लेक्सचा, गाडीचा, बसवेशचा, वाटेतल्या त्या ढाब्याचा, जो आता उजव्या हाताला येणार होता. आणि तिचाही. तिनं गाव निवडून ठेवलं आणि निघून गेली. भाव विचारायला मला एकट्याला सोडलं. मला भाव करता येत नाही. ते तिलाच माहीत होतं.

ढाबा आला आणि गेला. त्याच्या पुढं थोडं गेल्यावर मी बसवेशकडं बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो ओठ आवळून पुढच्या सीटची दांडी धरून बसला होता.

“काय झालं?”

“काय न्हाय.” मग म्हणाला, “कसंतरी व्हायलंय. वास येतोय मासळीचा. उलटी हुईल असं वाटतंय.”

मी खिडकीपासून उठलो, त्याला आत ढकललं, काच सरकवली. पुढून एक बाई वळून म्हणाली, “लागली व्हय गाडी? लिंबू हाय माझ्यापाशी.” तिनं टोपलीतून लिंबू काढलं आणि पुढं केलं.

मी ते घेतलं नाही.

मी बसवेशच्या शर्टात हात घातला आणि त्याच्या छातीवर ठेवला. एवढा मोठा माणूस, सगळी एसटी बघत होती.

“छातीत दुखतंय का?”

“न्हाय आप्पा.”

“डाव्या हातात काय होतंय? मुंग्या? जड वाटतंय?”

“न्हाय. यष्टी लागली नुस्ती.”

“नुस्ती म्हणू नको. खरं सांग.”

“खरंच.”

“शप्पथ घे.”

“अव्वाची शप्पथ.”

सोलापूर अजून किती लांब ते विचारायला मी कंडक्टरला हाक मारली. तो तिकिटं फाडत पुढं होता. “गाडी थांबवू का?” त्यानं विचारलं. “पोरगं खाली उतरून मोकळं हुईल.”

“थांबवू नका,” बसवेश आणि मी दोघंही एकदम म्हणालो.

बसवेशनं खिडकीबाहेर डोकं काढलं. मी एका हातानं त्याची कॉलर धरली आणि दुसरा हात त्याच्या छातीवरून काढला नाही. सोलापूर येईपर्यंत तसाच ठेवला. ठोके नीट पडत होते. त्या बाईनं लिंबू पुन्हा पुढं केलं, तेव्हा मी घेतलं.